बुंध्याशी वाकून बघा

बांधीतल्या धानाला पिवळे गोल चट्टे पडायला लागले की भंडाऱ्याकडचा जाणता शेतकरी आधी फवारणीचा पंप उचलत नाही. तो बांधीत उतरतो, धान दोन्ही हातांनी बाजूला सारतो आणि पाण्याच्या जरा वर, बुंध्याशी वाकून बघतो. तपकिरी तुडतुडा तिथे बसलेला असतो. वरून पानांवर औषध मारलं तर तो राहतो तिथेच. त्यातून औषध सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं निघालं, तर तुडतुड्याला खाणारे कोळी मरतात आणि तुडतुडा आणखी वाढतो.

याच शेतकऱ्यांच्या मुलामुलींचे कॉम्प्युटरचे प्रोजेक्ट तपासायला मी बसतो. तिथे सगळी फवारणी पानांवरच चाललेली असते.

एका मुलीचा पासवर्ड मॅनेजर होता, पायथनमध्ये लिहिलेला. साठवलेले पासवर्ड दाखव म्हटलं, तर यादी कोरी. रडवेली होऊन म्हणाली, "सर, काल तं बरोबर चालून राहिला होता." पडद्यावर एररसुद्धा नव्हती. कोड उघडला. 'ट्राय' लावलेला आणि त्याच्याखाली 'एक्सेप्ट: पास'. म्हणजे काहीही बिघडलं तरी गप्प राहायचं, असा हुकूम तिने स्वतःच दिला होता. तेवढा भाग काढायला लावला. लगेच 'इनव्हॅलिड टोकन' उमटलं. चूक पहिल्या दिवसापासून बोलत होती, तिचं तोंड दाबून ठेवलं होतं.

मग मी तिला एकच सांगितलं: किल्ली कुठे तयार होते ते बोट ठेवून दाखव. तिने फर्नेट वापरलं होतं. मजकूर सांकेतिक करायची ही पायथनमधली तयार सोय. बोट वर सरकत सरकत पहिल्या काही ओळींपाशी आलं आणि थांबलं. "म्हणजे प्रोग्राम चालू केला का चाबीच बदलून राहिली, सर." बरोबर. कालचं कुलूप आजच्या चाबीने उघडणार कसं? या शोधाला पाच मिनिटं लागली, आणि तो तिने स्वतः लावला. तिच्या शिक्षणाच्या चार वर्षांतला सर्वांत मोलाचा धडा हाच असेल, असं मला मनापासून वाटतं. मार्कांच्या कागदावर मात्र त्याला रकाना नाही. तिथे लिहायचं असतं: प्रोजेक्ट चालला की नाही.

शेजारच्या मुलाचा चालला. चूक तीच होती, त्याने ती एआयला विचारून मिटवली होती. किल्ली फाइलमध्ये साठव, असं उत्तर आलं. त्याने साठवली, पासवर्डच्या फाइलशेजारी, त्याच फोल्डरमध्ये. दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगली. फोल्डर ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती सगळे पासवर्ड.

खरी दुरुस्ती वेगळी आहे. किल्ली कुठेच साठवायची नाही. मास्टर पासवर्ड आणि 'सॉल्ट' नावाचा यादृच्छिक तुकडा यांच्यापासून ती दर वेळी नव्याने काढायची, आणि काढताना गणित मुद्दाम लाखो वेळा फिरवायचं, म्हणजे चोराला एकेक अंदाज महाग पडतो. पीबीकेडीएफ२ ही पद्धत शा-२५६ सोबत वापरायची तर ओवास्प ही सुरक्षा-संस्था ६,००,००० फेऱ्यांची शिफारस करते. हे पुस्तकी वाटत असेल तर लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीचं आठवा. २०२२ साली ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. ज्यांची खाती जुनी आणि सेटिंग कधी बदललेलं नव्हतं, त्यांतल्या काहींच्या फेऱ्या ५,००० वरच अडकलेल्या होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीतही सगळं 'चालतच' होतं.

कम्पायलर म्हणजे आपला कोड यंत्राला कळेल असा करून देणारा प्रोग्राम. त्याच्या प्रोजेक्टात 'चालतंय ना' हा रोग आणखी खोल जातो. वजाबाकी वाचणारं फंक्शन पोरं व्याकरणाच्या नियमाबरहुकूम लिहितात: राशी म्हणजे राशी, वजा, पद. फंक्शन एकही चिन्ह न वाचता स्वतःलाच हाक मारतं, पुन्हा मारतं, मारतच राहतं. शेवटी 'सेगमेंटेशन फॉल्ट'. नियम असा स्वतःपासूनच सुरू होतो, त्याला डावं पुनरावर्तन म्हणतात. कुणीतरी सांगतं, नियम उलटा कर. आता राशी म्हणजे पद, वजा, राशी. प्रोग्राम पडायचा थांबतो, टाळ्या वाजतात. आता त्याला १० − ४ − ३ द्या. घरी दहा पोती धान. चार विकली, तीन दळायला नेली. उरली किती? शेंबडं पोरही तीन सांगेल. हा कम्पायलर नऊ सांगतो, कारण तो आधी चारातून तीन वजा करतो आणि उरलेलं एक दहातून. एरर नाही, इशारा नाही. नऊ!

पडणारा प्रोग्राम प्रामाणिक असतो, निदान पडतो तरी. बिनबोभाट नऊ सांगणारा जास्त घातक. खरा उपाय तीन-चार ओळींचा आहे: पहिलं पद वाचा आणि पुढे वजाचं चिन्ह दिसेल तोवर आतापर्यंतच्या उत्तरातून एकेक पद वजा करत चला. पण तो सुचायला १० − ४ − ३ हे गणित मुळात देऊन बघावं लागतं. एरर गेली की कुणी बघत नाही.

पासवर्ड आणि कम्पायलर हे दोन वेगळे विषय आहेत, असं समजणाऱ्यांनी केन थॉम्प्सन यांचं टुरिंग पुरस्काराच्या वेळचं भाषण वाचावं. ते १९८४ साली छापून आलं. युनिक्स घडवणाऱ्या या माणसाने दाखवून दिलं, की लॉगिनचा प्रोग्राम बांधताना कम्पायलर त्यात चोरदरवाजा घालू शकतो. तोच कम्पायलर पुढचा कम्पायलर बांधताना ही खोड त्याच्यातही उतरवतो. मूळ कोड कितीही वाचा, काही सापडत नाही. मग आपण स्वतः न लिहिलेल्या, न तपासलेल्या कोडवर किती विसंबायचं, हा प्रश्न चाळीस वर्षं जुना आहे. एआयकडून आलेला कोड जसाच्या तसा चिकटवणाऱ्या प्रत्येकाने तो आज स्वतःला विचारायला हवा.

हे काम आपल्या माणसांना जमत नाही, असंही नाही. सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरची डी. एम. ढमढेरे यांची पुस्तकं देशभरातल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासली. ते आयआयटी मुंबईचे. भंडाऱ्यातली पोरं लॅबमध्ये रोज 'जीसीसी' टाइप करतात, त्या कम्पायलरच्या पोटात काय चालतं हे उदय खेडकरांनी त्याच आयआयटीत, पवईत, जीसीसी रिसोर्स सेंटर उभारून शिकवलं. पवईपासून भंडाऱ्यातली साकोली लांब आहे, पण कम्पायलर तोच आहे आणि एररही तीच येते.

विकत आणलेले, अहवालासकट बांधून मिळणारे प्रोजेक्ट तपासून मी थकलो आहे. त्यात चूक नसते, म्हणून शिकलेलंही काही नसतं.

पुढच्या सत्रात बाहेरून परीक्षक म्हणून जाणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. चालणारा प्रोजेक्ट बघू नका. विद्यार्थ्याला बाहेर थांबवा, त्याच्या कोडमधली एक ओळ बिघडवा, मग आत बोलवा आणि पंधरा मिनिटं द्या. इंटरनेट बंद, एररचा पहिला संदेश मोठ्याने वाचायचा, त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. चूक सापडली नाही तरी कुठे कुठे शोधली ते जो सांगू शकेल, त्याला पैकीच्या पैकी मार्क द्या.