कोर्टाने दिलं, जीआरने नेलं

ऑक्टोबर 2020, धाराशिव जिल्हा. सोयाबीन कापून रानात पडलेलं आणि वरून परतीचा पाऊस. शेंगांना जागेवरच कोंब फुटले. लाईट गेलेली, मोबाईलला चार्जिंग नाही, ओढ्याला पाणी. आणि पीकविम्याचा नियम सांगत होता की नुकसान झाल्यापासून 72 तासांत कंपनीला कळवा.

चिखल तुडवत तलाठी आले, कृषी सहायक आले. पंचनामे झाले. सरकारने त्याच पंचनाम्यांवर अतिवृष्टीची मदत वाटली. विमा कंपनीने मात्र, वेळेत सूचना आली नाही म्हणून लाखो शेतकऱ्यांना कोरडं ठेवलं. सरकारी तिजोरीला जो कागद खरा वाटला, तोच विम्याला खोटा ठरला!

हे चालू दिलं कुणी? कार्यपालिकेने. कंपनी सरकारने नेमलेली, करार सरकारचा, हप्त्याचा मोठा वाटा केंद्राचा आणि राज्याचा. तक्रारीसाठी तालुक्याची समिती होती, जिल्ह्याची होती, राज्याची होती. त्यांच्यापैकी एकीनेही वेळेवर पाय रोवले असते, तर सोयाबीनच्या नुकसानीसाठी कुणाला वकीलपत्र द्यावं लागलं नसतं.

शेवटी प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे 2022 मध्ये निकाल लागला: जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई द्या, कंपनीने दिली नाही तर राज्य सरकारने द्यावी. कंपनी दिल्लीला गेली. सर्वोच्च न्यायालयाने तिला आधी 200 कोटी रुपये जमा करायला लावले आणि सप्टेंबर 2022 मध्ये तिची याचिका फेटाळली. एका खरिपाच्या न्यायाला दोन वर्षं लागली. तरीही सगळी रक्कम एका झटक्यात खात्यावर आली नाही, उरलेल्या पैशांसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा मोर्चे.

या निकालाचे ढोल आपल्याकडे बरेच वाजले. न्यायाधीशांबद्दल मला आदर आहे, पण पंचनाम्याची किंमत ठरवणं हे काही हायकोर्टाचं काम नव्हे. साडेतीन लाख लोकांची भरपाई कोर्टाच्या तारखांवर अवलंबून राहिली, हे कार्यपालिकेचं अपयश आहे आणि ते तसंच नोंदवलं पाहिजे.

विधिमंडळाचा हिशेब तर कुणी मागतच नाही. 2016 पासून चालू असलेला प्रधानमंत्री पीकविमा ही योजना आहे, कायदा नाही. ती चालते केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांवर आणि राज्याच्या शासन निर्णयावर, म्हणजे जीआरवर. विधानसभेच्या 288 आणि परिषदेच्या 78 सदस्यांच्या हाती काय उरतं? अर्थसंकल्पात हप्त्याच्या रकमेला मंजुरी. बाकी तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी. मंत्री उठतात, ‘कार्यवाही करू’ म्हणतात, ते आश्वासन समितीच्या यादीत जातं. मतदारसंघात आमदारांचा सत्कार होतो. नियम जिथला तिथे राहतो, कारण तो सभागृहाने केलेलाच नसतो.

आणि जीआरने दिलेलं जीआरने काढून घेता येतं. 2025 च्या खरिपाआधी तेच झालं. शेतकऱ्याला एका रुपयात मिळणारा पीकविमा बंद झाला. त्यात बोगस अर्ज निघाले होते, ते रोखायलाच हवेत, याबद्दल वाद नाही. पण त्याच झटक्यात स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान ही संरक्षणंही राज्याने वगळली. त्या हंगामात भरपाई उरली फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. ज्या 72 तासांच्या सूचनेवरून धाराशिवचा शेतकरी दिल्लीपर्यंत लढला आणि जिंकला, ती सूचना देण्याची सोयच राहिली नाही. यासाठी सभागृहात मतदान झालं नाही. एक शासन निर्णय निघाला आणि काम झालं.

मग सप्टेंबर 2025 आला. सीना फुगली, परंडा-भूममध्ये माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली, गोठ्यातली जनावरं गेली, कित्येक रानांतली मातीच खरवडून गेली. नेत्यांचे दौरे झाले, सरकारने पॅकेज जाहीर केलं. पॅकेज म्हणजे सरकारची मदत. ती किती आणि कधी, हे सरकार ठरवतं. विमा हा हप्ता भरून घेतलेला हक्क असतो. पुराच्या दुसऱ्या दिवशी ‘माझं वावर वाहून गेलं’ एवढं कळवायचा हक्क शेतकऱ्याकडे उरला नव्हता. मंडळाची सरासरी निघेपर्यंत थांबा, हेच उत्तर. शेजारच्या उंच रानातलं सोयाबीन वाचलं, की सरासरी वर जाते आणि नदीकाठचा माणूस कागदावर सुखी ठरतो.

जिल्ह्यातून चार आमदार विधानसभेत जातात: उमरगा, तुळजापूर, परंडा आणि जिल्ह्याचं ठिकाण. अशासकीय विधेयक मांडायला मंत्रिपद लागत नाही. विधेयकात तीनच कलमं घालावीत. सरकारी पंचनामा विमा कंपनीवर बंधनकारक. भरपाईला मुदत, मुदत टळली की व्याज. आणि विम्याचं कुठलंही संरक्षण वगळायचं असेल तर आधी दोन्ही सभागृहांत चर्चा आणि मंजुरी. चौघांनी मिळून ते येत्या अधिवेशनात मांडावं. विरोधात कोण बोलतं, तेही कामकाजाच्या नोंदीत येऊ द्या.