भाडेकरू पाहावे ठेवून

आमचं घराणं तीन पिढ्यांचं भाडेकरू. आजोबा सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायचे. १९४७ च्या भाडेकायद्यानं त्यांचं भाडं १ सप्टेंबर १९४० ला जिथं होतं तिथंच खिळवून ठेवलं होतं: महिना ११ रुपये. दर पावसाळ्यात मालक म्हणायचा, "११ रुपयांत कौलं येत नाहीत हो." आणि दर पावसाळ्यात आजोबा त्याच्याकडे ११ रुपयांची पावती मागायचे. आजी तर 'मालक' हा शब्द आधी 'मेला' लावल्याशिवाय उच्चारतच नसे. अशा घरात जन्मून मी गेल्या वर्षी धनकवडीत चार बिऱ्हाडांचं घर विकत घेतलं. आजी असती तर माझ्या हातचं पाणी प्यायली नसती.

दोष एका रीलचा. त्यात एक तरुण लाल गाडीला टेकून सांगत होता की झोपेतही पैसा कमवा. (गाडी भाड्याची असावी. ती चालवताना तो कधी दिसला नाही.) थोरलीची फी भरली की धाकट्याची उभी राहते, अशा दिवसांत हे ऐकलं की माणूस वही काढतो. तळमजल्यावर आपण, वर तीन बिऱ्हाडं, भाड्यातून हप्ता, आणि मुलं मोठी होईपर्यंत घर फुकटात. हिशेब इतका देखणा होता की बायकोनंही एकदाच विचारलं, "आणि मोटार जळली तर?" मी वहीचं पान उलटलं.

घर ९० लाखांचं. भविष्य निर्वाह निधी, बायकोच्या पाटल्या आणि सासऱ्यांचा चांगुलपणा मिळून ३० लाख झाले, उरलेलं कर्ज. हप्ता ५२ हजार, तिन्ही बिऱ्हाडांचं भाडं ३३ हजार. मधले १९ हजार दर महिन्याला आमच्या पगारातून जातात. रीलवाला खोटं बोलत नव्हता, त्यासाठी मला काहीच करावं लागत नाही. झोपेतही जातात.

एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं की आपल्याकडे मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. म्हणजे ९० हजार वाचले आणि इंडेक्स टूवर बायकोचं एकटीचं नाव आलं. ९० हजारांत मालकी सोडणारा धनकवडीतला मी पहिलाच नसेन. पुढे कळलं की स्वतः राहणाऱ्याला महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, पण भाडेकरू ठेवलात की तेवढ्या भागापुरती ती गेली. आयकर खातं त्या मानानं दिलदार. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजा करू देतं, दुरुस्तीवर खर्च झालेला असो वा नसो. आमचा झालेला होता.

मालकी मिळाल्याच्या दिवशीच मी 'काका' झालो. मी ४१ चा. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ ३६ चे, आणि रात्री पावणेअकराला दार वाजवून म्हणतात, "काका, फ्लशचा कॉक हातात आला." धाकटा सातचा पाढा शिकायच्या आधी फूटव्हॉल्व्ह शिकला. गुरुवारी पाणी बंद असतं हे तो बालवाडीतल्या प्रार्थनेसारखं म्हणतो. थोरली भाड्याची वही ठेवते. 'उशीर' या रकान्यात लाल शाई वापरते आणि तिला ते फार आवडतं, ही काळजीची गोष्ट आहे. पण माझंही काही सरळ नाही. पोटमाळ्यासाठी एक जोडपं आलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "मुलंबाळं?" हाच प्रश्न आम्हाला नऊ घरमालकांनी विचारला होता आणि नऊही वेळा घरी परतताना आम्ही त्यांचा उद्धार केला होता. बायकोनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या मजल्यावर एमपीएससी करणारी तीन पोरं आहेत. त्यांना मी सहज म्हटलं, "अकरा महिन्यांचं साधं लिहून घेऊ, नोंदणीबिंदणी कशाला?" त्यातल्या चष्मेवाल्यानं हातातला चहा खाली ठेवला. "काका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे. जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू म्हणेल तेच खरं."

भाडेकरू म्हणेल तेच खरं, हा आमच्या घराण्याचा कुळाचार. मी तो पहिल्यांदाच समोरच्या बाजूनं ऐकत होतो.

"बाबा, तू जेलमध्ये जाणार?" धाकट्यानं विचारलं.

"बाबा कशाला?" थोरली वहीतून मान वर न करता म्हणाली. "मालक आई आहे."

आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला अंगठ्याचं मशीन घेऊन एजंट दारात उभा.

सहकारनगरला आम्ही भाड्यानं राहायचो तिथं जिन्यात पाटी होती: 'मुलांनी आवाज करू नये. चेंडू गच्चीवर गेल्यास परत मिळणार नाही. हुकुमावरून, मालक.' थोरली जोडाक्षरं वाचायला शिकली ती त्या पाटीवर, कारण तिचे चार चेंडू त्या गच्चीवर गेले. परवा पहिल्या मजल्यावरच्या पोराचा चेंडू माझ्या स्कूटरच्या आरशावर बसला. मी पुठ्ठा घेतला, मार्कर घेतला आणि एका बैठकीत पाटी लिहून जिन्यात लावली. थोरलीनं ती कमरेवर हात ठेवून वाचली.

"हे तर जुन्या काकांचंच आहे."

"नियम सगळीकडे सारखेच असतात," मी म्हटलं. चेंडू मारणाऱ्यांत आमचा धाकटाही होता, हे मला नंतर समजलं.

सकाळी दूध घ्यायला गेलो तर पाटी जागच्या जागी होती. फक्त 'हुकुमावरून' पुढचा 'मालक' खोडून लाल शाईत लिहिलं होतं, 'मालकिणीचे मिस्टर'. जोडाक्षर अचूक होतं.