वेखंडाचा अर्धा वळसा

बाळगुटीच्या डबीतली बहुतेक मंडळी चेहऱ्यावरून सज्जन वाटतात. बदाम-खारीक तर घरचीच. जायफळाशी आपली श्रीखंडातली ओळख. हिरडा, बेहडा तुरट खरे, पण वडीलधाऱ्यांनी तसंच असायचं असतं. मुरडशेंग अंगाला पीळ देऊन एका कोपऱ्यात बसलेली. वेखंडाचं मात्र काही जमत नाही. गाठाळ, केसाळ, मळकट मुळकांड, आणि वास असा की डबीचं झाकण निघायच्या आतच ते आत आहे हे कळावं. वाढतंही कुठे, तर चिखलात, ओढ्याच्या काठी. तिथून उपटून त्याला थेट तान्ह्या बाळापर्यंत आणणाऱ्या माणसाच्या धाडसाची कमाल वाटते.

कदाचित त्या वासामुळेच आणलं असेल. वाईट शक्तींना बाकी काही असो-नसो, नाक असतं, यावर आपल्याकडे सगळ्यांचं एकमत आहे. म्हणून बाळाच्या मनगटाला काळ्या दोऱ्यात वेखंडाचा तुकडा, न्हाऊ घातल्यावर टाळूवर चिमूटभर पूड, आणि बाळंतिणीच्या शेगडीवर ओवा-बाळंतशेपांबरोबर वेखंडाची धुरी. या धुरीतून सटवाईसुद्धा खोकत बाहेर पडत असणार. तमिळ घरांत तर त्याला ‘मुलं वाढवणारा’ असं लाडाचं नाव आहे, आणि रात्री त्याचं खरं नाव घ्यायचं नाही असा दंडकही. आपण रात्री सापाला ‘जनावर’ म्हणतो ते भीतीपोटी. औषधालाही इतकं बिचकून राहणं मला मोठं शहाणपणाचं वाटतं. का, ते पुढे येईलच.

युरोपातही हे रोप पाहुणं म्हणूनच गेलं. क्लुसियस नावाच्या वनस्पतिपंडितानं 1574 मध्ये ते व्हिएन्नात लावलं. तिथल्या जातीला बी धरत नाही, त्यामुळे मुळाचे तुकडे होत होत त्याचा संसार पसरला. पोलंडमध्ये सांगतात की टाटर स्वार ते सोबत बाळगत, पाण्यात टाकत, आणि ते रुजलं तर पाणी घोड्यांना पाजायला चांगलं असं समजत. घोड्यांना कोणी विचारलं नसावं.

पण खरी गंमत मापात आहे. बाळगुटीचं माप ग्रॅममध्ये नसतं, वळशात असतं. सहाणेवर दुधाचे चार थेंब, त्यात हिरड्याचे दोन वळसे, हळकुंडाचा एक, आणि वेखंडाचा? “अर्धाच हं!” हा आजीचा आवाज घराघरांत सारखाच कडक. आता हा अर्धा वळसा नेमका किती, हे सहाणेचा खरखरीतपणा, आजीच्या मनगटातला जोर आणि त्या दिवशी सुनेशी झालेलं बोलणं यांवर अवलंबून. मध्येच दाराची बेल वाजली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तरीही त्या ‘अर्ध्या’चा धाक खरा होता. वेखंड जास्त झालं की उलट्या होतात हे आयुर्वेदाला पक्कं ठाऊक होतं. वमनासाठी ते मुद्दाम वापरत, आणि पोटात द्यायचं तर आधी गोमूत्र वगैरेंत उकळून त्याचं शोधन करायला सांगत. शोधनाची पायरी आपण सोयीनं विसरलो, गुटी तेवढी लक्षात ठेवली.

मग मधे उंदीर आले. अमेरिकेत जम्मूच्या वेखंडाचं तेल उंदरांना खाऊ घातलं, तेव्हा त्यांच्या आतड्यांत गाठी झाल्या, आणि 1968 मध्ये तिथे खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी आली. दोषी ठरलं त्यातलं बीटा-असारोन. हे द्रव्य आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात भरपूर, युरोपातल्या जातीत बरंच कमी, तर उत्तर अमेरिकेच्या स्वतःच्या जातीत जवळपास नाहीच. म्हणजे एकाच कुळातल्या मंडळींत आपला भाऊच जास्त तापट निघाला. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे हेच द्रव्य किड्यांची वंशवृद्धी खुंटवतं. पोथ्यांच्या रुमालात वेखंडाचा तुकडा ठेवणारे पूर्वज उगीच ठेवत नव्हते. आपल्या बाळासाठी जे मूळ उगाळायचं, तेच कसरीला निपुत्रिक करतं.

आमच्या शेजारच्या आजींना नातवाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी हे सगळं थोडक्यात सांगितलं. पण आजी वाटाघाटींत मुरलेल्या.

“पोटात नको म्हणता, बरं. मधात बुडवून जिभेला नुसतं चाटवलं तर?”

“आजी, वर्षाच्या आत मध तर मुळीच नको. त्यातल्या जिवाणूंनी बाळ गंभीर आजारी पडू शकतं.”

“मग टाळूवर पूड?”

“ती नाकातोंडात जाते.”

“मनगटाला तुकडा बांधते, तो तर बाहेरच असतो.”

“या वयात मनगट तोंडातच असतं, आजी. घशात अडकला तर?”

आजींनी पाळण्याकडे पाहिलं, मग छताच्या कडीकडे. “आणि तिथे वर बांधला तर?”

डॉक्टरबाईंनी मान वर करून कडीची उंची पाहिली, दोरीची गाठ स्वतः ओढून बघितली, आणि सटवाईला तिथपर्यंत वास येईल का हा प्रश्न आजींवर सोडून पुढच्या पेशंटाकडे निघाल्या.