बाटली जरा फिरवा

मेक्सिकोतला चित्रपट महोत्सव. रंगमंचावर एक वृद्ध अभिनेत्री, उभं आयुष्य कॅमेऱ्यासमोर गेलेली. डाव्या हातात मानचिन्ह, उजव्या हातात प्रायोजकांची टकिलाची बाटली. पुरस्काराच्या नावात आधी टकिला, मग कारकीर्द. फोटोवाल्यांची झुंबड उडालेली आणि तेवढ्यात कंपनीचा एक सुटातला पोरगा लगबगीनं येऊन बाईंच्या कानाशी लागतो : "सेन्योरा, बाटली जरा फिरवा ना. लेबल दिसत नाहीये."

बाईंनी फिरवली. जन्मभर दिग्दर्शकांचं ऐकायची सवय. लेबल कॅमेऱ्याकडे आलं, आणि ते नीट आलं का हे बघायला बाईंची मान बाटलीकडे वळली. छापून आला तो नेमका हाच फोटो. लेबल ठसठशीत, बाईंचा एक कान.

लेबलाशी माझं भांडण नाही. लेबल हा फार जबाबदार कागद असतो. १९७४ पासून मेक्सिकोत टकिला हे नाव कायद्यानं राखीव आहे. सबंध हालिस्को राज्य आणि आणखी चार राज्यांतले ठरलेले भाग, तिथलंच निळं घायपात (हो, आपण शेताच्या बांधाला लावतो त्याच्याच कुळातलं), तरच ती टकिला. ओकच्या लाकडात निदान दोन महिने मुरली तर रेपोसादो. वर्षभर मुरली तर अन्येहो. तीन वर्षं मुरली तर एक्स्ट्रा अन्येहो. एक दिवस कमी भरला तरी तसं लिहायची सोय नाही.

जीवनगौरवाला मात्र असं काही नाही. किती मुरल्यावर माणूस गौरवायचा, कुठं लिहून ठेवलंय? पस्तिशीतल्या नटाला जीवनगौरव देताना मी बघितला आहे. दोन सिनेमे, एक घटस्फोट आणि प्रायोजकाच्या जाहिरातीचा करार. त्याला खुशाल द्या, पण मानपत्रावर स्पष्ट छापा : 'रेपोसादो जीवनगौरव'. निवेदकाला ब्लांको म्हणा, भट्टीतून थेट बाटलीत, कशातच न मुरलेला. आणि टकिलात निदान ५१ टक्के साखर घायपाताची लागते, उरलेली दुसरी चालते, तसा पुरस्कारांवरही शिक्का मारा : '५१ टक्के कारकीर्द, बाकी साखर'. तपासनीस नेमा. मानपत्रातल्या 'तपस्या', 'चतुरस्र' आणि 'समर्पित' या शब्दांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. निम्मी सभागृहं ओस पडतील. आपल्याकडे तर त्याहून पंचाईत : दारूच्या जाहिरातीला बंदी, म्हणून आपण सोड्याच्या नावानं बिनधास्त गौरव करून घेतो.

हसून झालं असेल तर ऐका. कंपनी पिंपं गोदामात जपते. कुठलं पिंप कधी भरलं, याची वहीत नोंद. आणि बाईंचे सिनेमे? सत्कारात दोन मिनिटांची चित्रफीत दाखवली, त्यातलीही सुरुवात प्रायोजकाच्या बोधचिन्हात गेली. उरलेल्यात बाईंचा तरुण चेहरा असा काही धूसर, की जुन्या टीव्हीवरून उतरवून घेतल्यासारखा. जुनी ॲसिटेट फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो. पिंपाला असा आंबूस वास आला असता तर रात्रीतून चार माणसं धावली असती. डब्याला येतो तेव्हा कुणाचं नाक हलत नाही. अरे, त्या बाईला मंचावर तासभर उभं करून बाटल्या कसल्या धरायला लावता? त्यापेक्षा तिचा एक सिनेमा अख्खा, स्वच्छ करून, भरल्या सभागृहात लावा की! खर्च फार येतो म्हणतात. त्या रात्रीच्या आतषबाजीला आला नव्हता वाटतं.

मानचिन्ह बाई घरी घेऊन गेल्या. बाटली मात्र त्या पोरानं मंचाच्या पायऱ्यांवरच परत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी आणखी एका जीवनाचा गौरव होता.