हरणीचा पान्हा

आईचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो हाडाचा नव्हे, धारेचा. "सहा आठवडं प्लास्टर हाय. हरणीची धार कोण काढणार?" आबांनी फोनवर विचारलं. मी म्हटलं, मी येतो. लॅपटॉप काय, हिंजवडीत चालतो तसा गोठ्यातही चालेल. पलीकडे आबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं, ये. कुट्टी तरी करशील."

हरणी ही आमची मुऱ्हा म्हैस. हरियाणातून आणली म्हणून हरणी. पाचशे किलोच्या घरातलं धूड, जिलेबीसारखी वळलेली शिंगं आणि नाव हरणी. आमच्या कागलकडं म्हशीचं बारसं करताना कुणी वजनकाटा आणत नाही. तिच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे. माझ्या आधार कार्डावरही बाराच आकडे. आमच्यातलं साम्य तिथंच संपलं. परराज्यातून येऊन तीन वर्षांत ती पक्की कोल्हापुरी झाली होती. "सर गं" म्हटलं की सरायची, "पाय" म्हटलं की पाय मागं घ्यायची. मी इथलाच, आणि पहिल्या सकाळी तिला म्हणालो, "जरा बाजूला होतेस का?" तिनं मान वळवून पाहिलं. नव्या भाडेकरूकडं पाहावं तसं.

धारेचं शास्त्र मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. कास धुतली, रेडकानं तोंड लावलं, की म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. त्याचा असर पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात दूध काढून घ्यायचं. अंगठा दुमडून सड ओढायचा नाही, इजा होते; पूर्ण मुठीनं पिळायचं. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. हात गळ्यात अडकवून तिनं ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हे हरणीनं वाचलंय व्हय?"

नव्हतं वाचलं. रेडकू सोडलं, त्यानं ढुशा दिल्या, पान्हा आला. रेडकू बांधून मी चरवी गुडघ्यांत धरून बसलो, आणि पान्हा गेला. पाऊण तास मी पिळत होतो. चरवीच्या तळाशी पाव लिटर दूध, त्यात शेपटीचा एक केस. बाकीची शेपटी शेणात बुडवून तिनं माझ्या चष्म्याला पुसली. परक्या माणसापुढं म्हैस पान्हा चोरते, हेही मी वाचलं होतं. पण वाचताना 'परका माणूस' म्हणजे मी, हे ध्यानात आलं नव्हतं.

आबांचा प्रश्नच नव्हता. एकदा इंजेक्शन देताना त्यांनी हरणीचं तोंड दाबून धरलं होतं, ते ती विसरलेली नाही. ते वैरणही लांबूनच टाकतात, पेपर टाकणाऱ्या पोरासारखी.

दूध संस्थेत तर शोभाच झाली. म्हशीच्या दुधाचा दर ठरतो सहा फॅट आणि नऊ एसएनएफच्या हिशेबानं, त्यासाठी नमुना घ्यावा लागतो. मापाडी एकदा माझ्या किटलीत आणि एकदा माझ्याकडं बघून म्हणाला, "नमुना घेतला तर मापात काय घालू?"

तिसऱ्या दिवशी पहाटे आई गोठ्यात आली. "तुझ्या अंगाला वास येतोय."

"शेणाचा?"

"न्हाई. तीच तर बोंब हाय."

तिनं वळणीवरचं आपलं गोठ्यातलं जुनं लुगडं काढलं. डाव्या हातानं माझ्या अंगाभोवती गुंडाळलं, पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला. "आता बस. आन् तोंडातनं ब्र काढू नको." मग स्वतः खांबाआड उभी राहून बोलायला लागली, "हां गं माझी बाय, हां गं हरणे, आली का न्हाई मी?" हरणीनं माझा पदर हुंगला. एक लांब उसासा टाकला. हाताखाली सड टचटचीत भरले आणि पहिली धार चरवीच्या पत्र्यावर चर्रर्र वाजली. मग दूध चढत गेलं तसा आवाज बदलला. फेसात धार पडते तेव्हा ती वाजत नाही, घुमते. साडेपाच लिटर. माझी बोटं आखडून आकड्यासारखी झाली, पण थांबायची हिंमत नव्हती.

एवढ्यात कुडावरून शेजारच्या काकींचा आवाज आला, "अगं बया! हात बरा झाला व्हय गं?"

बोलायची मला मनाई होती. मी पदराआडून मान डोलावली.

त्या दिवशी फॅट सात पॉइंट दोन लागली. आणि दुपारपर्यंत वरच्या आळीतल्या दोघीजणी आईला शोधत आल्या. मोडलेलं मनगट आठवड्याच्या आत बसवणारा तो हाडवैद्य कुठल्या गावचा, ते त्यांना विचारायचं होतं.