रॉक-स्मरणाचे प्रकार

गोव्यात रॉकच्या आठवणी दोन प्रकारच्या. पहिला प्रकार कॅसेटचा. गायक रेमो फर्नांडिस यांनी ‘गोवन क्रेझी’ (१९८४) हा अल्बम शिवोलीत घरीच ध्वनिमुद्रित केला आणि कॅसेटी स्वतः स्कूटरवरून फिरून विकल्या. ती कॅसेट आज क्वचितच दिसते. ‘आमच्याकडे होती’ म्हणणारे मात्र घरोघरी भेटतात. दुसरा प्रकार प्रत्यक्ष कार्यक्रमाचा. हरमलच्या किनाऱ्यावरच्या मैफलीतली गाणी कुणाला आठवत नाहीत, शेजारी बसलेला परदेशी पाहुणा आठवतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री १०ला थांबायचे असतात. आठवणींना असा नियम नाही. किनाऱ्यावरची गाणी विसरली, तरी पेडणे-डिचोलीत जत्रेतला रात्रभराचा दशावतार सुरुवातीच्या संकासुरापासून अख्खा आठवतो. पण त्याला कुणी ‘लाइव्ह शो’ म्हणत नाही, म्हणून तो या आठवणींच्या मोजणीत धरत नाहीत.