इतिहास उरकून टाका

टेक्सासमधल्या सरकारी कॉलेजातून पदवी हवी असेल तर अमेरिकेचा इतिहास टाळता येत नाही. तसा कायदाच आहे. सहा क्रेडिट, म्हणजे दोन कोर्स. इंजिनिअर व्हा, नर्स व्हा, नाहीतर गुराढोरांचे डॉक्टर. जॉर्ज वॉशिंग्टनच्या पाया पडल्याशिवाय कागद हाती पडत नाही.

मग हा इतिहास शिकायचा कुठे? जिथे स्वस्त पडेल तिथे.

म्हणजे जवळच्या कम्युनिटी कॉलेजात. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला या प्रकाराची सुरुवात झाली. पहिली दोन वर्षं घरी राहून शिका, पुढची दोन मोठ्या विद्यापीठात काढा. कल्पना झकास. कॅलिफोर्नियात आजही स्थानिक विद्यार्थ्याला युनिटमागे ४६ डॉलर पडतात. तीन युनिटांचा कोर्स १३८ डॉलर. ब्रँडेड बुटांच्या भावात अख्खं राष्ट्र.

टेक्सासात पहिल्या कोर्सचा नंबर १३०१, दुसऱ्याचा १३०२. पहिला १८७७ ला थांबतो. तेव्हा काय झालं? अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरून वाद पेटला, पडद्याआड तडजोड झाली, हेज अध्यक्ष झाले आणि दक्षिणेतल्या राज्यांवरचा केंद्राच्या सैन्याचा पहारा उठला. नुकते गुलामीतून सुटलेले काळे नागरिक पुन्हा जुन्या मालकांच्या तावडीत. इथे सेमिस्टर संपलं. पुढचं ज्याला पाहायचं असेल त्यानं पुन्हा फी भरावी.

जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. साल १८७३.

अमेरिकेनं चार वर्षंसुद्धा त्या अर्पणपत्रिकेची लाज राखली नाही.

बरं, हे दोन कोर्स क्रमानं घ्यावेत अशी सक्ती बहुतेक ठिकाणी नाही. नोकरीची पाळी सांभाळून जो वर्ग मिळेल तो पदरात पाडायचा. मग एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागते आणि सप्टेंबरात गुलामांचं पहिलं जहाज किनाऱ्याला येतं. कार्यकारणभाव? तो तर्कशास्त्राच्या कोर्समध्ये. आणि तो ऐच्छिक आहे.

शिकवणारे बरेचसे कोर्समागे ठरलेल्या पैशांवर. आपल्या तासिका तत्त्वावरच्या, सीएचबीवाल्या प्राध्यापकांना वेगळं सांगायला नको. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं. कॅलिफोर्नियात या जमातीला ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. ऑफिस गाडीच्या डिकीत. असा माणूस कामगार चळवळीवरचं व्याख्यान देतो, आणि तेही न हसता.

ऑनलाइन वर्गात तर आणखी बहार. दर आठवड्याला एक पोस्ट लिहायची आणि दोघा सहाध्यायांना उत्तर द्यायचं. ‘तुझा मुद्दा फार आवडला’ एवढं लिहिलं की गुण पक्के. आता पोस्टही चॅटजीपीटी लिहितं आणि उत्तरही. हाडामांसाचे उरलेत ते फक्त तपासणारे मास्तर.

तेही किती दिवस?

संध्याकाळच्या वर्गात मात्र कधी कधी जान येते. मागच्या बाकावर ड्युटीवरून थेट आलेली नर्स, शेजारी इराकहून परतलेला सैनिक. अलीकडच्या युद्धाचं पान त्याला मास्तरांपेक्षा जास्त कळतं. तो त्या पानाची वाट पाहत शेवटच्या आठवड्यापर्यंत येतो, आणि मास्तर अजून व्हिएतनाममध्येच अडकलेले.

फ्लोरिडात इतिहासाला भलतेच अच्छे दिन आलेत. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या शिक्षण मंडळानं मूलभूत विषयांच्या यादीतून समाजशास्त्र काढलं. विचारसरणी फार, म्हणे. त्या जागी १८७७ पर्यंतचा अमेरिकेचा इतिहास बसवला. त्यात काय? मूळ रहिवाशांची हकालपट्टी, माणसांचे लिलाव, यादवी युद्ध. विचारसरणीचा मागमूस नाही!

आपली मंडळी यात मागे कशी राहतील? गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पानिपतावरच्या एका वाक्यावरून रात्रभर तलवारी परजणारे काका टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या घरी चिरंजीवांना बजावतात, “अरे, समरमध्ये हिस्टरी उरकून टाक. ऑगस्टपासून खरा अभ्यास आहे.” पाच आठवड्यांत कोर्स खतम. मधल्या एका मंगळवारी ताप आला, की लिंकनची गाठ पडत नाही.

त्याहूनही घाई असेल तर क्लेप नावाची परीक्षा आहे. पहिल्या वसाहतींपासून १८७७ पर्यंतचा मामला नव्वद मिनिटांत, सुमारे १२० प्रश्न. पर्याय दिलेले, फक्त निवडायचा. पास झालात तर क्रेडिट खिशात, वर्गाचं तोंड पाहायला नको, मास्तरांनाही डिकी उघडायला नको. प्रश्नामागे पाऊण मिनिट. सहा लाखांहून जास्त माणसं गिळणाऱ्या यादवी युद्धाच्या वाट्याला यातली किती सेकंदं येतात, ते ज्याचं त्यानं काढावं.

गणिताचा कोर्सही सक्तीचाच आहे.